सॉकेट (संगणक जालातील संदेशवहन)

वेगवेगळ्या संगणकांवर चालणाऱ्या दोन आज्ञावलींना जालामार्फत परस्परांशी संदेशांची देवघेव करता यावी म्हणून परिचालन प्रणाली त्यांना जे संपर्कस्थान उपलब्ध करून देते, त्यास सॉकेट म्हणतात. भिंतीतील विजेच्या सॉकेटात खटक्याची वायर खोवणाऱ्यास वीज कोणत्या केंद्रात निर्माण होते व कोणत्या तारांतून येते, हे माहीत असण्याची गरज नसते. त्याचप्रमाणे सॉकेट उघडणाऱ्या आज्ञावलीस संदेशाचे तुकडे कसे होतात, ते कोणत्या मार्गाने जातात व वाटेत हरवलेले तुकडे पुन्हा कसे पाठविले जातात, हे पाहावे लागत नाही. मूळ शब्दही याच अर्थाने घेतलेला आहे. आज भ्रमणध्वनीपासून बँकेच्या मध्यवर्ती संगणकापर्यंत जालाशी जोडलेल्या बहुतेक सर्व यंत्रांत संदेशवहनाचा जो मूलभूत आज्ञासमूह आढळतो, तो मुख्यत्वे १९८१ ते १९८३ या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एका संशोधन प्रकल्पासाठी तयार झाला. जालावरील संभाषण हे फाइल वाचण्या-लिहिण्यासारखे दिसावे, ही त्यामागील कल्पना होती. या सोयीमुळे सॉकेट सर्वत्र पसरले. मात्र जाल हे फाइलसारखे नसते, ही वस्तुस्थितीही त्याच सोयीमुळे झाकली गेली व पुढील अनेक अडचणींचे मूळ तेथे आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील प्रगत संशोधन प्रकल्प संस्थेने (अर्पा) उभारलेल्या आर्पानेट या जालावरील पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स शाखेतून मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पाठविण्यात आला. ‘लॉगिन’ या इंग्रजी शब्दाची अक्षरे एकामागून एक पाठवावयाची होती. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडील संगणकाची प्रणाली बंद पडली. जालाने आपले काम चोख बजावले होते. ज्याने संदेश घ्यावयाचा तोच कोलमडला होता. या विषयाच्या पुढील इतिहासात हा प्रकार वारंवार घडलेला दिसतो.

आर्पानेटमध्ये मुख्य संगणक एकमेकांना थेट जोडलेले नव्हते. प्रत्येक स्थळी बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील कंपनीने पुरविलेला, हनीवेल बनावटीचा एक लहान संगणक दुभाष्यासारखा बसविलेला असे. मुख्य संगणकाने सुमारे ८,००० बिटांपर्यंतचा संदेश त्याच्या स्वाधीन करावा. त्याने त्याची सुमारे १,००० बिटांची पॅकेटे करून पाठवावीत आणि पलीकडे ती पुन्हा जोडून संदेश पोहोचताच ‘पुढील संदेशास तयार’ अशी सूचना परत द्यावी, अशी रीत होती. म्हणजे संदेश अखंड व योग्य क्रमाने पोहोचविण्याची जबाबदारी जालाची होती, टोकाच्या संगणकांची नव्हती.

मात्र एका संगणकावर एकाच वेळी अनेक आज्ञावली चालत असल्याने आलेला संदेश त्यांपैकी कोणाचा, हे ठरविणे आवश्यक झाले. स्टीव्ह क्रॉकर, स्टीफन कार व व्हिंटन सर्फ यांच्या १९७० मधील टिपणांत यासाठी ‘सॉकेट’ हा शब्द आला. १९७१ च्या मे महिन्यात एम. आय. टी. च्या लिंकन प्रयोगशाळेतील जोएल विनेट यांनी ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ (आर. एफ. सी.) या टिपणमालिकेतील १४७ व्या टिपणात त्याची व्याख्या दिली. तीनुसार सॉकेट म्हणजे ३२ बिटांचा एक क्रमांक होता. सम क्रमांक संदेश घेण्यासाठी व विषम क्रमांक पाठविण्यासाठी वापरावयाचा होता. प्रत्येक जोडणी एकमार्गी असल्याने दुतर्फा संभाषणास दोन जोडण्या लागत. तेव्हा सॉकेट हा केवळ एक पत्ता होता. आज्ञावलीकाराने हाताळण्याची वस्तू असे रूप त्यास अजून आले नव्हते.

जबाबदारीचे स्थलांतर : फ्रान्समध्ये लुई पूझां यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या सिक्लाद या जालात १९७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात वेगळा विचार मांडला गेला. जालाने प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे, शक्य तितक्या प्रयत्नाने, पण कोणतीही हमी न देता पुढे सरकवावे. हरवलेले पुन्हा मागणे व क्रम लावणे ही कामे टोकाच्या संगणकांनी करावीत, असा तो विचार होता. अशा पॅकेटास ‘डेटाग्राम’ हे नाव मिळाले. सर्फ व रॉबर्ट कान यांनी मे १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या दिशेने पुढचे पाऊल टाकले. त्यांच्यापुढील प्रश्न एका जालाचा नसून भिन्न स्वभावांच्या जालांना जोडण्याचा होता. रेडिओवर चालणाऱ्या जालात पॅकेटे हरवणारच व उपग्रहाच्या जालात विलंब होणारच. अशा सर्वांकडून सारखी हमी मागणे अव्यवहार्य होते. म्हणून हमी देण्याचे काम जालाकडून काढून टोकाच्या संगणकांतील प्रणालीकडे सोपविण्यात आले. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी आर्पानेट, पॅकेट-रेडिओ व अटलांटिक महासागरावरील उपग्रह जाल या तिन्हींमधून संदेश नेऊन या पद्धतीचे प्रात्यक्षिक करण्यात आले.

१९७८ मध्ये मूळ प्रोटोकॉलाचे (म्हणजे संदेशवहनाच्या उभयमान्य नियमांचे) दोन थर करण्यात आले. पॅकेट पत्त्यावर नेणारा थर आय. पी. आणि क्रम व हमी सांभाळणारा थर टी. सी. पी. या नावांनी ओळखला जाऊ लागला. ज्यांना हमीपेक्षा वेग महत्त्वाचा वाटतो त्यांच्यासाठी जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८० मध्ये यू. डी. पी. हा तिसरा प्रोटोकॉल मांडला. त्याचे टिपण अवघे तीन पृष्ठांचे आहे. सप्टेंबर १९८१ च्या टी. सी. पी. च्या टिपणात सॉकेट म्हणजे संगणकाचा जालपत्ता व पोर्ट-क्रमांक यांची जोडी, अशी व्याख्या करण्यात आली आणि अशा दोन सॉकेटांनी मिळून एक दुतर्फा जोडणी ठरते, असे स्पष्ट केले गेले. जालपत्ता ही इमारत मानली, तर १६ बिटांचा पोर्ट-क्रमांक हा तीतील खोलीचा क्रमांक होय.

यूनिक्स व बर्कली : केन टॉमसन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळांत १९६९ पासून घडविलेल्या यूनिक्स प्रणालीत जवळजवळ प्रत्येक वस्तू फाइल मानली जाई. चकती, मुद्रक, दूरटंकयंत्र यांपैकी काहीही उघडावे, त्यातून वाचावे, त्यात लिहावे व बंद करावे, असा एकच सुबक परिपाठ होता. उघडलेल्या फाइलीस प्रणाली एक लहान पूर्णांक देई आणि पुढील सर्व व्यवहार त्या पूर्णांकावरून चाले. मात्र दोन आज्ञावलींना जोडणारी ‘पाइप’ ही सोय एकाच संगणकापुरती होती, शिवाय एकाच पूर्वज प्रक्रियेपासून निघालेल्या प्रक्रियांनाच ती वापरता येई. १९७५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात यूनिक्स आर्पानेटला जोडताना दूरच्या संगणकाला विशेष फाइलीचे नाव देऊन ती ‘उघडण्याची’ युक्ती योजण्यात आली. ती मोहक होती. पण आपणहून आलेल्या अपरिचिताची वाट पाहत बसणे ही क्रिया फाइलींच्या जगात नाही. फाइल कधी आपल्याकडे चालून येत नाही.

१९८० मध्ये अर्पाने (तेव्हाचे नाव डार्पा) आपल्या संशोधकांसाठी एक समान प्रणाली असावी म्हणून बर्कली येथील प्राध्यापक रॉबर्ट फॅब्री यांच्या गटास यूनिक्स सुधारण्याचे काम दिले. टी. सी. पी. ची आज्ञावली बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन येथील रॉब गुर्विट्झ यांनी लिहून बर्कलीकडे सोपविली. ती प्रणालीत बसविताना बिल जॉय यांनी तिच्यात वेगासाठी मोठे फेरबदल केले. मूळ कर्त्यांच्या दृष्टीने ही ढवळाढवळ होती आणि दोन्ही गटांत कोणती आवृत्ती प्रमाण मानावी यावरून दीर्घकाळ मतभेद राहिले. आज्ञावलीकारास दिसणाऱ्या आज्ञांचा संच मात्र बर्कली येथेच आखला गेला. त्यावर एका मार्गदर्शक समितीत चर्चा होई व रिची हे तिचे सदस्य होते. एप्रिल १९८२ मध्ये प्रायोगिक आवृत्ती निघाली. त्याच वर्षी जॉय सन मायक्रोसिस्टिम्स या नव्या कंपनीत गेले व सॅम लेफ्लर यांनी काम पूर्ण केले. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने जुना प्रोटोकॉल सोडून टी. सी. पी. स्वीकारला आणि ऑगस्ट १९८३ मध्ये ४.२ बी. एस. डी. ही बर्कली आवृत्ती वितरित झाली. नवा प्रोटोकॉल सक्तीचा झाला त्याच वर्षी तो वापरण्याची साधने विद्यापीठांच्या हाती आली. अठरा महिन्यांत १,००० हून अधिक स्थळांनी या आवृत्तीचा परवाना घेतला.

कार्यपद्धती : संभाषणातील दोन पक्ष सारखे नसतात. सर्व्हर हा दुकानदाराप्रमाणे वाट पाहतो, तर क्लायंट हा गिऱ्हाइकाप्रमाणे आपणहून येतो. सर्व्हर प्रथम ‘सॉकेट’ या आज्ञेने संपर्कस्थान मागून घेतो व यूनिक्सच्या रीतीप्रमाणे त्यास एक पूर्णांक मिळतो. ‘बाइंड’ या आज्ञेने तो त्यास पत्ता व पोर्ट जोडतो. ‘लिसन’ या आज्ञेने आपण ऐकावयास तयार आहोत, असे तो प्रणालीस कळवितो व रांगेत किती जणांना थांबू द्यावयाचे तेही सांगतो. त्यानंतर ‘ॲक्सेप्ट’ या आज्ञेवर तो थबकतो. क्लायंटने ‘कनेक्ट’ ही आज्ञा दिली म्हणजे दोन्ही संगणकांच्या प्रणाली तीन पॅकेटांची देवघेव करतात : विनंती, होकार व होकाराची पोच. मग ॲक्सेप्ट ही आज्ञा एक नवा सॉकेट परत देते. या बारकाव्यात रचनेचे मर्म आहे. मूळ सॉकेट दारावरच राहतो, प्रत्येक पाहुण्यास स्वतंत्र सॉकेट मिळतो आणि त्यामुळे एकच सर्व्हर शेकडो क्लायंटांशी बोलू शकतो. फाइलींच्या परिपाठात ज्याला जागा नव्हती ती ‘वाट पाहण्याची’ क्रिया अशा रीतीने स्वतंत्र आज्ञांनी साधली गेली. जोडणी झाल्यावर ‘सेंड’ व ‘रिसीव्ह’ अथवा फाइलींच्याच ‘राइट’ व ‘रीड’ या आज्ञा वापरता येतात.

यू. डी. पी. मध्ये जोडणीचा सोपस्कार नसतो. पोस्टकार्डाप्रमाणे प्रत्येक संदेशावर पत्ता लिहून तो ‘सेंडटू’ या आज्ञेने टाकावयाचा व पलीकडे ‘रिसीव्हफ्रॉम’ या आज्ञेने संदेश व पाठविणाऱ्याचा पत्ता दोन्ही मिळवावयाचे. पोस्टकार्ड हरवले तर कोणी कळवीत नाही. पोहोचले तर मात्र ते संपूर्ण पोहोचते.

टी. सी. पी. मध्ये नेमके उलट घडते आणि नवशिक्या आज्ञावलीकाराची हमखास फसगत येथेच होते. टी. सी. पी. ला संदेश ठाऊकच नसतो. त्यास केवळ बाइटांचा प्रवाह ठाऊक असतो. पाठविणाऱ्याने तीनदा सेंड केले म्हणून घेणाऱ्यास तीनदाच रिसीव्ह करावे लागेल असे नाही. तिन्ही संदेश एकत्र येतील किंवा एकाचेच पाच तुकडे होऊन येतील. ‘नमस्कार’ हा शब्द हल्लीच्या प्रचलित यू. टी. एफ.-८ संकेतलेखनात सात चिन्हांचा व २१ बाइटांचा होतो, कारण प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. घेणाऱ्याच्या हाती प्रथम दहा बाइट आले, तर तीन चिन्हे पूर्ण व चौथ्याचा एक तृतीयांश भाग त्यास मिळेल. अशा वेळी तो भाग लगेच छापू पाहणारी आज्ञावली कचरा छापेल. एकाच टेबलावरील दोन संगणकांत चाचणी घेतली, तर हा दोष बहुधा दिसत नाही. लांबच्या, गर्दीच्या मार्गावर तो उघडा पडतो. म्हणून संदेश कोठे संपतो हे उभयतांनी आपसांत ठरवावे लागते. काही प्रोटोकॉलांत प्रारंभी लांबी कळविली जाते, तर काहींत अखेरची खूण असते. इंटरनेटवरील टपालाचा एस. एम. टी. पी. हा प्रोटोकॉल पत्राच्या अखेरीस केवळ एक टिंब असलेली ओळ पाठवितो.

सेंड ही आज्ञा यशस्वी झाली याचा अर्थही मर्यादितच असतो. बाइट आपल्याच संगणकातील प्रणालीच्या तात्पुरत्या साठ्यात ठेवले गेले, एवढेच तीवरून कळते. पत्र पेटीत पडले; ते पोहोचले की नाही, हा प्रश्न वेगळा. टी. सी. पी. ला पलीकडून पोच मिळते खरी, पण ती तेथील प्रणालीची असते, आज्ञावलीची नसते. बाइट तेथे पोहोचले आणि आज्ञावली ते वाचण्यापूर्वीच बंद पडली, तरी पोच गेलेलीच असते. म्हणून पैशांचे हस्तांतरण करणाऱ्या यंत्रणा सॉकेटवर विसंबून न राहता आपल्या पातळीवर स्वतंत्र पोच मागतात. फाइलीत लिहिण्याच्या उपमेने मनात रुजलेली निश्चिंतता येथे घातक ठरते.

आकड्यांच्या मांडणीचाही एक प्रश्न होता. दोन बाइटांची संख्या साठविताना काही संगणक मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतात, तर बर्कली येथील व्हॅक्ससारखे संगणक लहान किमतीचा. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी लिहिलेल्या टिपणात या दोन पंथांना जोनाथन स्विफ्ट यांच्या गलिव्हरच्या प्रवासवर्णनातील अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणाऱ्या पंथांची नावे दिली व ती कायम झाली. जालावर मोठा बाइट आधी, असा नियम ठरला. व्हॅक्सवर हे रूपांतर करावयाचे राहिल्यास ८० हा पोर्ट-क्रमांक पलीकडे २०,४८० असा वाचला जाई. रूपांतराच्या छोट्या आज्ञा त्यासाठीच देण्यात आल्या. त्या विसरण्याची परंपराही तितकीच जुनी आहे.

प्रसाराबरोबरच्या आपत्ती : सॉकेटमुळे संदेश पाठविणे इतके सोपे झाले की, जालाच्या कुवतीचा विचार आज्ञावलीकारास करावा लागेना. दूरस्थ वापरकर्त्याने कळ दाबताच एक अक्षर लगेच पाठवावयाचे, तर त्या एका बाइटासाठी ४० बाइटांचे पत्त्याचे ओझे वाहावे लागे. फोर्ड एरोस्पेस येथील जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मध्ये यावर उपाय सुचविला : आधीच्या बाइटांची पोच येईपर्यंत नवी अक्षरे साठवावीत व मग एकत्र पाठवावीत. खरी कसोटी ऑक्टोबर १९८६ मध्ये लागली. बर्कली विद्यापीठ व जवळच्या टेकडीवरील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यातील अंतर सुमारे ४०० यार्ड होते. या दुव्यावरील वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. गर्दीमुळे पॅकेटे गळत, गळाली म्हणून प्रत्येक संगणक ती पुन्हा पाठवी व त्यामुळे गर्दी आणखी वाढे. त्या प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्या सहकार्याने यावर तोड काढली. पाठविणाऱ्याने हळू प्रारंभ करावा, पोच येत जाईल तसा वेग वाढवावा व पॅकेट गळाले की माघार घ्यावी, अशी ती होती. १९८८ च्या बर्कली आवृत्तीतून ती सर्वत्र गेली. विशेष हे की, एकाही वापरकर्त्याला आपली आज्ञावली बदलावी लागली नाही. सॉकेटच्या पडद्याआड सर्व काही बदलले व पडदा तसाच राहिला. ही या रचनेच्या बाजूने बोलणारी सर्वांत मोठी साक्ष होय.

याउलट साक्षही त्याच वर्षी मिळाली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेली स्वयंप्रसारी आज्ञावली हजारो संगणकांत शिरली. तिच्या प्रवेशमार्गांपैकी एक बर्कली यूनिक्समधील ‘फिंगर’ या सेवेचा होता. ही सेवा जालावरून आलेली ओळ ५१२ बाइटांच्या जागेत घेई, पण ओळ किती लांब आहे हे तपासत नसे. जास्तीच्या बाइटांनी शेजारची स्मृती पुसून तेथे आक्रमकाचे आदेश बसविले. ओळ वाचण्याची ती आज्ञा कीफलकावर बसलेल्या ओळखीच्या माणसासाठी लिहिलेली होती. सॉकेटमुळे तीच आज्ञा कोणाही अपरिचितापुढे उघडी पडली. जाल व फाइल यांतील फरक पुसल्याची ही किंमत होती.

स्पर्धा व प्रसार : सॉकेट हे सर्वोत्तम म्हणून निवडले गेले असे मानण्याचे कारण नाही. ए. टी. अँड टी. ने आपल्या सिस्टिम पाच या यूनिक्समध्ये टी. एल. आय. हा पर्यायी आज्ञासमूह दिला. तो रिची यांच्या ‘स्ट्रीम्स’ या कल्पनेवर आधारलेला होता व काही बाबतींत अधिक सुव्यवस्थित होता. बेल प्रयोगशाळांतील पुढील प्लॅन नाइन या प्रणालीत तर जाल खरोखरच फाइलींच्या रूपाने मांडले गेले. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ मध्ये ओ. एस. आय. ही सात थरांची आदर्श रचना प्रसिद्ध केली. अनेक शासनांनी तीच भविष्यकाळ मानली होती. अमेरिकी शासनाने ऑगस्ट १९९० पासून आपल्या खरेदीत तिची अट घातली. परंतु ओ. एस. आय. ची साधने महाग होती व उशिरा आली. सॉकेट मात्र विद्यापीठातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती मूळ लेखासह होते. ते सार्वजनिक पैशातून तयार झाले होते. जून १९८९ मध्ये बर्कलीने जालविषयक भाग ए. टी. अँड टी. च्या परवान्याविना कोणालाही वापरण्यास मोकळा केला, तेव्हा उरलेला अडथळाही दूर झाला. समित्यांच्या ठरावांपेक्षा हाताशी असलेली व चालणारी आज्ञावली प्रभावी ठरली.

भारतातही ही स्पर्धा काही काळ दिसून आली. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट हे शैक्षणिक व संशोधन जाल सुरू केले. त्यात पाच भारतीय तंत्रविज्ञान संस्था, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र व स्वतः विभाग हे सहभागी होते. या जालाच्या कण्यावर टी. सी. पी. व ओ. एस. आय. असे दोन्ही प्रोटोकॉल एकत्र चालत. १९९५ पासून जवळजवळ सर्व वाहतूक टी. सी. पी. वर आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तोवर जगभर हा प्रश्न निकालात निघालेला होता.

व्यक्तिगत संगणकांवर प्रत्येक कंपनीचे जालसाधन वेगळे असल्याने आज्ञावली त्या त्या साधनापुरतीच चाले. मार्टिन हॉल यांच्या पुढाकाराने अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन विंडोजसाठी बर्कली आज्ञासमूहाचे ‘विनसॉक’ हे रूप ठरविले. त्याची पहिली आवृत्ती १९९२ मध्ये व रूढ झालेली १.१ ही आवृत्ती जानेवारी १९९३ मध्ये निघाली. तेव्हाच्या विंडोजमध्ये एक आज्ञावली वाट पाहत थबकली तर सगळा संगणकच थबके. म्हणून संदेश आल्यावर सूचना देणाऱ्या वेगळ्या आज्ञा त्यात घालाव्या लागल्या.

मर्यादा व नंतरचे बदल : अनेक सॉकेटांवर एकाच वेळी लक्ष ठेवण्यासाठी ४.२ बी. एस. डी. मध्ये ‘सिलेक्ट’ ही आज्ञा होती. ती प्रत्येक वेळी सर्व सॉकेटांची यादी तपासते. काही डझन सॉकेटांना हे चालते, दहा हजारांना चालत नाही. विश्वव्यापी जालाच्या (वेब) वाढीनंतर हा प्रश्न तीव्र झाला. फ्रीबीएसडी प्रणालीत २००० मध्ये ‘केक्यू’ व लिनक्समध्ये २००२ पासून ‘ईपोल’ या सोयी आल्या; त्या ज्या सॉकेटांवर काही घडले तेवढेच कळवितात.

पत्त्याचा प्रश्न अधिक खोल होता. ३२ बिटांच्या पत्त्यांतून ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते होतात. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गट वाटले गेले. १२८ बिटांचे नवे पत्ते आय. पी. च्या सहाव्या आवृत्तीत आधीच ठरले होते. तथापि बर्कलीच्या रचनेत पत्ता आज्ञावलीकाराच्या डोळ्यांसमोर, ठराविक चार बाइटांच्या जागेत ठेवलेला असल्याने असंख्य आज्ञावली पुन्हा लिहाव्या लागल्या. नव्या पत्त्यांसाठी सॉकेटचे विस्तार १९९७, १९९९ व २००३ च्या टिपणांत क्रमाक्रमाने सुधारण्यात आले. गर्दीवरील उपाय पडद्याआड करता आला, कारण गर्दी पडद्याआड होती. पत्ता पडद्यापुढे ठेवला होता, म्हणून तो बदलणे इतके जड गेले.

पलीकडे कोण बोलत आहे व मधे कोण ऐकत आहे, याविषयी सॉकेट काहीच सांगत नाही. १,०२४ पेक्षा लहान पोर्ट केवळ प्रणालीच्या व्यवस्थापकास वापरता यावा व म्हणून तेथून येणारी विनंती विश्वसनीय मानावी, हा बर्कलीचा संकेत प्रत्येक संगणकामागे जबाबदार व्यवस्थापक असण्याच्या काळातला होता. घरोघरी संगणक आल्यावर तो निरर्थक झाला. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एस. एस. एल. या गुप्तलेखनाच्या थराच्या नावातच ‘सुरक्षित सॉकेट’ हे शब्द होते. त्याचे टी. एल. एस. हे प्रमाणित रूप १९९९ मध्ये आले.

मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या प्रोटोकॉलाने टी. सी. पी. बाजूला ठेवून क्रम, पोच, गर्दीवरील नियंत्रण व गुप्तलेखन ही सर्व कामे आज्ञावलीच्याच पातळीवर आणली. ही आज्ञावली परिचालन प्रणालीकडून फक्त यू. डी. पी. चा एक साधा सॉकेट मागून घेते. जून २०२२ पासून वेबचा एच. टी. टी. पी. हा प्रोटोकॉल आपल्या तिसऱ्या आवृत्तीत क्विकवर चालतो, आणि तिचे बाइट १९८३ सालच्याच पद्धतीच्या डेटाग्राम सॉकेटातून बाहेर पडतात.